रिंग बदल, परवा

९ जानेवारी

सुतळे,

फोनचा नाद आता सोड. काल तू "पोचले, पोचले" म्हणून ओरडत होतीस आणि मी "पोळले, पोळले" ऐकत होतो. पोरगी परदेशात पहिल्याच दिवशी भाजली म्हणून मी घरभर बोंबा मारल्या. शेवटी तुझ्या मामीनं माझ्या हातातून फोन हिसकावला तेव्हा उलगडा झाला. तीस वर्षं त्या पंपांच्या शेजारी काढली, कान पंपांनी खाल्ले. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र कानात शिट्ट्या वाजवतं. तेव्हा आपली पत्रंच बरी. दर महिन्याला नमुन्यांची पेटी इकडून तिकडे जातेच, तिच्यात फोमखाली पत्र ठेवायची साहेबांनी परवानगी दिली आहे.

मामीच्या बहिणीनं परवा विचारलं, भाची कशाला गेली एवढ्या लांब? म्हटलं, उन्हाळ्यातलं ऊन डब्यात भरून ठेवायला आणि थंडीत काढायला. ती म्हणाली, थट्टा नको. मग नीट सांगितलं. डब्यात मीठ असतं, ते उन्हानं सुकवायचं. थंडीत त्याला वाफ दाखवली की ते तापतं आणि घर ऊबदार होतं. परत सुकवायचं, परत वाफ. ही झाली एक फेरी. सहा देशांनी सारखेच सहा डबे केलेत, तेच मीठ, तेच पोलाद, झाकणाला तीच रबरी रिंग, आणि चाळीस फेऱ्या झाल्या की एकदाच रिंग बदलायची हा नियमही तोच. शंभर फेऱ्यांत कुणाचा डबा किती टिकतो ते एकमेकांचं एकमेकांनी तपासायचं. हे ऐकून ती म्हणाली, एवढ्यासाठी सहा देश? तिला काय सांगणार!

गुरुवारी रजेवरून कामावर आलो तर तू आदल्याच दिवशी उडालेली. टेबलावर आपली कच्ची वही होती. रिंगचं तू आपल्या भाषेत लिहिलेलं वाचलं, तशी पक्क्या वहीत सहा देशांच्या भाषेत नोंद केली आणि लगेच एकेचाळिसावी फेरी लावली. आता जुलैअखेर निवृत्त होईपर्यंत शंभरी गाठायची, आणि शेवटच्या आकड्याखाली सही करून घरी जायचं. दुसरं काही मागणं नाही.

वेळेवर जेव. तिथल्या लोकांशी भांडू नकोस.

तुझा बहिरा मामा


२४ जानेवारी

मामा,

तुझं पत्र पेटीतून निघालं तेव्हा इथल्या बाईंना वाटलं तो नमुनाच आहे. त्यांनी हातमोजे घालून ते चिमट्यानं उचललं. त्या इथल्या तपासणी विभागाच्या मुख्य. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि नाकावरचा शोधत फिरतात.

मला इथे काही म्हणजे काही कळत नाही रे. भाषा ठरलेली एकच आहे, पण सहा देशांचे लोक ती सहा तऱ्हांनी बोलतात. बैठक संपली की सगळे "ठीक, ठीक" म्हणत उठतात, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन एकमेकांना विचारतात की ठरलं काय. कोट अडकवायला मला सतरा नंबरची खुंटी दिली आहे. तिच्यावर रोज कुणाचा तरी करडा कोट असतो. तो कुणाचा हे विचारायला गेले तर लोक मला तो कोट बक्षीस देऊ पाहतात.

रिंगचं उरकलंस ते वाचून जीव भांड्यात पडला. जाताना तेवढं एकच काम राहून गेलं होतं.

इथे एक वर्षाची नेमणूक आहे हे तुला माहीत आहेच. मे महिन्यात सहा देशांची कमिटी बसेल. काम पटलं तर तीन वर्षं वाढवून देतील. मामा, मला राहायचंय इथे. गोंधळलेली असले तरी राहायचंय. ज्या यंत्रांची तू मला चित्रं दाखवायचास ती इथे माझ्या हाताखाली आहेत.

मामीला सांग, स्वेटर घालते.

सुतळी


२८ फेब्रुवारी

सुतळे,

ऐकलंस का? बाकीच्या पाचही देशांचे डबे बसले म्हणे! साठीच्या आसपास मीठ गोळा होऊन दगड झालं, वाफ आत शिरेना. तुमच्याही डब्याचा दगड झाला असं साहेब म्हणाले. आणि आपला? आज शहात्तरावी फेरी. पहिल्या दिवशी जितका तापत होता तितकाच तापतोय. मी तीनदा मोजलं. थर्मामीटर बदलून मोजलं. साहेब स्वतः कार्यशाळेत आले, स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा दिला. गेल्या बारा वर्षांत साहेबांनी कार्यशाळेचं दार ओलांडलेलं मला आठवत नाही.

सगळे मला गुपित विचारताहेत. वेल्डर म्हणतो, "काका, मिठात काय घातलंत?" मी म्हटलं, मीठच. खरं सांगू? मलाही काही उमगत नाही. सगळ्यांसारखं सगळं केलं आणि सगळ्यांपेक्षा वेगळं झालं. आनंद तर पोटात मावत नाही, पण मधूनच वाटतं, आपण काहीतरी पाहायचं विसरलोय.

तुझ्या बाईंना सांग, चष्मा नाकावर आहे.

तुझा मामा


१५ मार्च

मामा,

अभिनंदन. म्हणजे, मनापासून.

इथे तुझ्या डब्याबद्दलच बोलणं चालू आहे. बाई म्हणाल्या, "फारच चांगले आकडे आहेत." पण त्यांचा सूर मला कळला नाही. कौतुक करताना माणूस दार लावून घेतो का?

काही गोष्टी सहज विचारते. रोजचे आकडे तूच वाचतोस ना, की दुसरं कुणी? कच्ची वही पेटीतून पाठवता येईल का? आणि सहाही देशांना दोन-दोन जादा रिंगा दिल्या होत्या, त्यातल्या किती उरल्या ते कमिटी सगळ्यांना विचारणार आहे. तुझ्या ड्रॉवरमध्ये एक असेल. तेवढं पाहून ठेव.

सहजच विचारतेय. मनाला लावून घेऊ नकोस.

सुतळी


२ एप्रिल

सुतळे,

या वेळी पत्र साध्या टपालानं येतंय. पेटी भरली होती, फोमखाली जागा नव्हती.

माझं छान चाललंय. सध्या हौसेनं ऑफिसातल्या जुन्या कपाटांची कुलपं दुरुस्त करतोय. एकेक कुलूप इतकं हट्टी आहे की तुझी आठवण येते. कार्यशाळेत जाणं जरा कमी केलंय. पायही दुखतात.

रिंगांचं म्हणशील तर दोन्ही ड्रॉवरमध्ये आहेत. साहेबांसमोर उघडून दाखवल्या. पक्क्या वहीत रिंग बदलल्याची नोंद आहे, सही माझी आहे, आणि रिंगा दोन्ही जागेवर आहेत. आता हे कसं झालं म्हणशील तर वय झालं, दुसरं काय! कच्ची वही सापडत नाही. तिच्यावर चहा सांडला होता, बहुतेक रद्दीत गेली.

ते सोड. तुझ्या तीन वर्षांचं काय झालं? कमिटी मेमध्येच बसणार ना? तोवर तू आपलं काम बघ, माझ्या डब्याच्या भानगडीत पडू नकोस. कुणी विचारलं तर सांग, मी तेव्हा निघून आले होते, मला माहीत नाही. तीन वर्षांचं पक्कं झालं की लगेच कळव.

मामा


२० एप्रिल

मामा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. तुला वाईट वाटेल हे माहीत आहे, तरी लिहितेय.

आधी मी लपवलेलं सांगते. तुझे आकडे तपासायचं काम मार्चपासून माझ्याकडे आहे. बाई म्हणाल्या, तुला ती जागा माहीत आहे, तूच कर. मी नातं सांगितलं, तर म्हणाल्या, म्हणूनच तू कठोरपणे तपासशील. मला नाही म्हणता आलं नाही. "सहज विचारतेय" असं तुला लिहिलं ते खोटं होतं.

आता ऐक. कमिटीचं म्हणणं असं आहे की रिंग बदलली नाही आणि बदलली असं लिहिलं. एक नोंद बनवली तर बाकीच्या सगळ्या नोंदी बनवल्या नसतील कशावरून? मी दिवसभर तुझे आकडे घेऊन बसते. तुझा सात, तुझा नऊ, सगळं ओळखीचं. कुठेच खाडाखोड नाही. आधी त्याचा अभिमान वाटायचा, आता त्याचीच भीती वाटते. इतकं स्वच्छ कसं?

वही रद्दीत गेली म्हणतोस. मामा, तू आयुष्यात एक चिठोरं फेकलेलं मी पाहिलेलं नाही. माझा शाळेतला मोडका कंपास अजून तुझ्या कपाटात आहे. मग वहीच कशी गेली? आणि कपाटांची कुलपं कसली दुरुस्त करतोस?

मला काही कळेनासं झालंय. निवृत्तीआधी शंभरी गाठायची म्हणून तू... लिहवत नाही, पण विचारते. आकडे तू मोजून लिहिलेस की मनानं?

एकदा सांग. जे असेल ते सांग.

सुतळी


३ मे

आकडे मी डोळ्यांनी वाचले आणि हातानं लिहिले. रिंगची नोंद चुकीची आहे, ती माझी आहे. यापुढे याबद्दल विचारू नकोस.

मामी बरी आहे. तब्येतीला जप.

मामा


९ मे

पोरी,

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून अक्षर बघून दचकू नकोस. घरात कुणाला काही झालेलं नाही. झालंय ते निराळंच.

तुझ्या मामाकडून कार्यशाळेची किल्ली मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच काढून घेतली. डब्याच्या खोलीला कुलूप लागलं. डबा शहाऐंशीवर बंद पडलाय. यांना एका लाकडी स्टुलावर बसवून जुनी कपाटं दिलीत. हौस कसली आलीय त्यात! पूर्वी चहाला हाका मारणारे आता कप उचलून दुसऱ्या टेबलाशी जातात. हे घरी येऊन सांगत नाहीत, पण जेवणाचा डबा तसाच भरलेला परत आणतात तेव्हा मला कळतं.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, ऐकू येत नाही. माझ्याशी असली चलाखी तीस वर्षांत पहिल्यांदाच केली.

काल माझ्या शिवणाच्या मशीनचा खण उघडेना. ओढून काढला तर मागे तुमची कच्ची वही कोंबलेली. चहाचा एक डाग नाही तिच्यावर. शेवटचं पान वाचलं. तुझं अक्षर: "४० पुरे. रिंग बदल परवा." तारीख नाही, वार नाही.

मी वही घेऊन यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, यातला परवा कुठला? गेलेला की येणारा? हे म्हणाले, चूप बस. तेव्हाच कळलं सगळं. तू मंगळवारी लिहिलंस, म्हणजे गुरुवारी बदला. यांनी गुरुवारी वाचलं, म्हणजे तू मंगळवारी बदललीस. दोघांचा परवा खरा आणि रिंग आहे तिथेच! तुम्ही दोघं एवढे शिकलेले, सहा देशांशी बोलता, आणि आपसात एक वार लिहायला तुम्हाला सुचलं नाही. कालपासून मला हसावं की रडावं ते समजत नाही.

यांना हे मार्चमध्येच कळलं होतं, ड्रॉवर उघडला तेव्हा. मी म्हटलं, मग दाखवा की साहेबांना. तर म्हणतात, "पान दाखवलं की कमिटी विचारणार, काम अर्धवट टाकून कोण गेलं. पोरीची तीन वर्षं जातील. माझे काय, अडीच-तीन महिने राहिलेत." मला शपथ घातली आहे. ती मी मोडतेय.

मी तुला दोष देत नाही. पण माझ्या नवऱ्याला लोक खोटारडा म्हणतात ते मला सहन होत नाही, आणि त्यात तूही आहेस हे तर मुळीच नाही. पान ब्लेडनं नीट कापून सोबत पाठवते आहे. पुढे काय करायचं ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी या घरात तुझं ताट आहेच.

मामी


३० मे

मामा,

तुला काय लिहू? पान हातात घेऊन मी प्रयोगशाळेतच खाली बसले. लोक पाणी घेऊन धावले. त्यांना वाटलं वायू गळला.

मला आठवतंय रे सगळं. चाळिसावी फेरी मंगळवारी दुपारी संपली. झाकण उघडायच्या आधी डबा दोन दिवस निवू द्यावा लागतो, आणि बुधवारी माझं विमान. मी दोन दिवस उशिरा निघाले असते तर चाललं असतं. तिकीट बदलूनही मिळत होतं. पण मला घाई झाली होती. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातानं ती ओळ खरडली. मामा गुरुवारी येईल, बघेल, त्याला सांगावं लागत नाही. चूक तुझ्या वाचण्याची नाही, माझ्या निघण्याची आहे.

पंचवीस तारखेला कमिटी बसली. माझा विषय तिसरा होता, मी हात वर करून तो पहिला घ्यायला लावला. पान टेबलावरून फिरवलं. नोंद लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "हा शब्द भूतकाळी आहे की भविष्यकाळी?" मी म्हटलं, "दोन्ही." त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, दोन्ही कसं असेल, एक निवडा. मी म्हटलं, आम्ही निवडत नाही, क्रियापद ऐकून ओळखतो. "मग क्रियापद कुठे आहे?" ते "बदल" आहे, पण ते क्रियापद आहे की नाम, तेही सांगता येत नाही! "बदल कर" असंही होतं आणि "बदल झाला" असंही होतं. यावर अर्धा तास गोंधळ. एका देशाचे प्रतिनिधी म्हणाले, आमच्या आजोळच्या बोलीतही असा शब्द आहे. दुसरे म्हणाले, अशा भाषेत यंत्रं चालवताच कशी? मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं, आणि सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले. बाईंनी दोन्ही चष्मे काढून ठेवले.

मग बाई बोलल्या. त्यांनी एप्रिलमध्येच मला न सांगता जुनी रिंग ठेवून दुसरा डबा लावला होता, दिवसाला दोन फेऱ्या करून. तो सत्तरीच्या पुढे गेलाय आणि मीठ अजून मोकळं आहे. नवी, घट्ट रिंग घातली की मीठ गोळा होतं. जुनी, थोडी ढिली झालेली रिंग ठेवली की होत नाही. का, ते कुणालाच समजलेलं नाही. सहा देश डोकं धरून बसलेत. पण तुझे आकडे खरे आहेत. एकूण एक खरा आहे. हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि तपासणाऱ्याची सही म्हणून मी त्याखाली सही केली.

माझी तीन वर्षं नामंजूर झाली. कागदावर "काम सोपवताना कसूर" असं लिहिलंय आणि ते बरोबर आहे. उरलेले महिनेही इथे नाहीत. एक जुलैला निघते. बाई म्हणाल्या, तिकडे जाऊन तो डबा शंभरपर्यंत ने, जुन्या रिंगनंच. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू! सतरा नंबरची खुंटी कालच पहिल्यांदा रिकामी मिळाली.

पण त्याहून वाईट दुसऱ्याचं वाटतं. मी तुला ते विचारलं. बाकीच्यांनी विचारलं तर त्यांना तू माहीत नाहीस. मला माहीत होतास. मामा, मी चुकले. तू रागाव, पण बोल.

सुतळी


१४ जून

गाढवे,

मी दोन महिने तोंड शिवून स्टुलावर बसलो ते कशासाठी? एवढं सांभाळलेलं तू अर्ध्या तासात उधळून आलीस. आणि तुझ्या मामीला तर मी आता घरात एकही शपथ घालणार नाही, उपयोग नाही. ती माझ्यासमोर बसून हे पत्र वाचतेय आणि हसतेय.

रागावलो होतो, खूप. चार दिवस. मग विचार केला की मी तरी काय केलं? पक्क्या वहीत "बदलली" असं लिहिण्याआधी झाकणाकडे एकदा नजर टाकायला हवी होती. रिंग नवी की जुनी हे लांबूनही दिसतं. मी तुझं अक्षर पाहिलं आणि डबा पाहिला नाही. तेव्हा कमिटीला कळव, कसूर दोघांची. एकटीच्या नावावर नको.

आता तुझा प्रश्न. लागला. कमिटीचं काही वाटलं नाही, वेल्डरनं कप उचलला त्याचंही फार वाटलं नाही, पण तुझं ते पत्र मी खिशात ठेवून फिरत होतो. तुला इतका कसा मी परका झालो, हेच कळत नव्हतं. मग मामी म्हणाली, तुम्ही वही लपवलीत, खोटं लिहिलंत, कपाटांच्या थापा मारल्यात, तिनं काय समजायचं होतं? तू तपासायला बसली होतीस. तुला विचारावंच लागलं असतं. मी शिकवलेली पोरगी न विचारता सही करून मोकळी झाली असती तर तेही मला आवडलं नसतं. दोन्ही खरं आहे, लागलंही आणि बरंही वाटलं. यापलीकडे मला सांगता येत नाही.

किल्ली परत मिळाली. सोमवारी सत्याऐंशीवी फेरी लावणार होतो, पण लावली नाही. तुझी वाट बघतोय. पावसात मीठ सुकायला वेळ लागतो, जुलैअखेर शंभरी होईल असं वाटत नाही. नाही झाली तर उरलेल्या फेऱ्यांखाली तू सही कर.

कमिटीचं पत्र आलंय. जाड पाकीट, सहा देशांचे सहा शिक्के, वर माझं नाव. साहेब म्हणाले, द्या, मी वाचून सांगतो. वेल्डरही म्हणाला, काका, उघडा की. मी नाही उघडलं. ते तू वाचायचं. घरी नाही, कार्यशाळेत, सगळे चहाला जमतात तेव्हा. आणि हे बघ, माझे कान तुला माहीत आहेत, तेव्हा चांगलं मोठ्यानं वाच.

मामा